निनावी जाळ्यांतील केंद्रें आपला शेजार कसा ओळखतात

कोनिग्सबर्ग शहरांतील सात पुलांचें कोडें गणिताच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. प्रत्येक पुलावरून एकदांच जाऊन सर्व पूल ओलांडतां येतील काय, असा तो प्रश्न होता. आणि तसें करतां येणार नाहीं, हें लेऑनहार्ड ऑयलर या गणितज्ञानें इ. स. १७३६ च्या आपल्या निबंधांत सिद्ध करून दाखविलें. बिंदु व त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचें जें शास्त्र पुढें वाढलें, त्याचा आरंभ या निबंधापासून मानतात. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. ऑयलरच्या समोर संपूर्ण शहराचा नकाशा होता. तो शहराच्या बाहेर उभा राहून, जणुं पक्ष्याच्या दृष्टीनें, सर्व पूल एकाच वेळीं पाहत होता.

प्रस्तुत लेखाचा विषय याच्या उलट आहे. ज्याला नकाशा दिसत नाहीं, जो स्वतःच त्या नकाशांतील एक बिंदु आहे, त्यानें आपल्या सभोंवतालची रचना कशी जाणावी? आणि त्याच्यासकट सर्वच बिंदु निनावी असतील, तर त्याला कितपत जाणतां येईल? एकमेकांस जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यांत हा प्रश्न प्रत्यक्ष उद्भवतो, आणि त्याचें उत्तर शाळेंतील विद्यार्थ्यालाही कागद व पेन्सिल घेऊन शोधतां येण्यासारखें आहे.

१. प्रश्नाची मांडणी

जाळ्यांतील प्रत्येक संगणकाला आपण ‘केंद्र’ म्हणूं, आणि दोन केंद्रांना जोडणाऱ्या तारेला ‘दुवा’ म्हणूं. प्रत्येक केंद्र हें एक घर आहे अशी कल्पना करा. घराला जितके दुवे, तितकीं दारें. आणि प्रत्येक दारावर आंतल्या बाजूनें एक, दोन, तीन असे आंकडे घातलेले आहेत. आतां नियम ऐका.

पहिला नियम: कोणत्याही घराला नांव किंवा क्रमांक नाहीं. दुसरा नियम: सर्व घरांतील माणसें एकाच शिकवणीप्रमाणें वागतात, एकाला जें सांगितलें आहे तेंच सर्वांना सांगितलें आहे. तिसरा नियम: प्रत्येकाला आपलीं दारें किती, एवढेंच आरंभीं ठाऊक असतें. चौथा नियम: घंटा झाली कीं प्रत्येक जण आपल्या प्रत्येक दारांतून एक पत्र बाहेर टाकतो, व त्या त्या दारांतून शेजाऱ्याचें पत्र त्याला मिळतें. याला आपण एक ‘फेरी’ म्हणूं. कोणतें पत्र कोणत्या दारांतून आलें, हें प्रत्येकाला समजतें; परंतु दाराबाहेर डोकावून पाहण्याची मात्र कोणालाही मोकळीक नाहीं.

पत्रांत काय लिहावें? सर्वांत उत्तम शिकवण ही कीं, जें जें आपणांस ठाऊक आहे तें सर्व लिहावें, आणि शेवटीं ‘हें पत्र मीं माझ्या अमुक दारांतून टाकीत आहें’ असें जोडावें. याहून अधिक सांगण्यासारखें कोणाजवळच कांहीं नसल्यामुळें, या रीतीनें जें कळणार नाहीं तें दुसऱ्या कोणत्याही रीतीनें कळणार नाहीं.

२. पहिल्या कांहीं फेऱ्या

एका ओळींत जोडलेलीं पांच केंद्रें घेऊं: क—ख—ग—घ—च. हीं अक्षरें आपल्या सोयीसाठीं आहेत. केंद्रांना तीं ठाऊक नाहींत. आरंभीं क आणि च यांना इतकेंच माहीत आहे कीं, ‘मला एक दार आहे.’ ख, ग व घ यांना माहीत आहे कीं, ‘मला दोन दारें आहेत.’

पहिल्या फेरीनंतर क ला कळतें कीं, आपल्या शेजाऱ्याला दोन दारें आहेत. ख ला कळतें कीं, आपल्या एका बाजूस एकदारी घर आहे व दुसऱ्या बाजूस दुदारी. ग ला दोन्हीकडे दुदारी घरेंच आढळतात. म्हणजे एका फेरींतच ग चें ज्ञान ख व घ यांच्या ज्ञानाहून वेगळें झालें. दुसऱ्या फेरीनंतर प्रत्येकाला शेजाऱ्याच्या शेजाऱ्याविषयीं कळतें, तिसऱ्या फेरीनंतर त्याच्याही पलीकडचें. चौथ्या फेरीअखेर क ला वार्ता येते कीं, चार पावलांवर एक एकदारी घर आहे. तेथें ओळ संपली. क ला आतां संपूर्ण जाळ्याचा नकाशा काढतां येतो, आणि त्यांत आपण कोठें आहोंत हेंही दाखवितां येतें.

यावरून एक सामान्य नियम निघतो. क फेऱ्या झाल्यावर क पावलांपर्यंतची वार्ता कळते, त्यापुढची नाहीं. येथें क ही कोणतीही संख्या समजावी. ही सर्व वार्ता झाडाच्या आकृतीनें लिहितां येते. मुळाशीं आपण स्वतः, पहिल्या फांद्यांवर शेजारी, त्यांच्या फांद्यांवर त्यांचे शेजारी, आणि प्रत्येक फांदीवर दोन्ही टोकांच्या दारांचे आंकडे. या झाडाला आपण ‘दर्शनवृक्ष’ म्हणूं. मासाफुमी यामाशिता व त्सुनेहिको कामेडा या दोन शास्त्रज्ञांनीं इ. स. १९८८ मध्यें निनावी जाळ्यांवरील आपल्या निबंधांत याच कल्पनेच्या पायावर आपलें विवेचन उभारलें.

आल्या वाटेनें परत फिरणाऱ्या फांद्या सोडून दिल्यावर ज्या जाळ्यांत दर्शनवृक्षाच्या सर्व फांद्या कोठें ना कोठें संपतात, तें जाळें स्वतःच झाडाच्या आकाराचें असतें, व तें प्रत्येक केंद्राला पूर्णपणें कळतें. अडचण उत्पन्न होते ती फांद्या न संपणाऱ्या जाळ्यांत.

३. कड्याचा पेंच

आतां तीन केंद्रें एका कड्यांत जोडा. प्रत्येकाचें पहिलें दार उजवीकडील शेजाऱ्याच्या दुसऱ्या दाराशीं जोडलेलें आहे. त्याच रीतीनें सहा केंद्रांचें दुसरें एक कडें तयार करा. तीनांच्या कड्यांतील केंद्राला आपलें कडें तीनांचें आहे कीं सहांचें, हें ओळखतां येईल काय?

प्रथमदर्शनीं वाटेल कीं, यांत काय कठीण आहे? उजव्या दारांतून एक पत्र सोडावें, तें पुढें पुढें धाडण्यास सांगावें, आणि तें डाव्या दारांतून परत किती फेऱ्यांनीं येतें तें मोजावें! परंतु येथेंच पेंच आहे. शिकवण सर्वांना एकच असल्यामुळें ज्या घंटेला आपण पत्र सोडलें, त्याच घंटेला सर्वांनीं तसेंच पत्र सोडलें. पुढच्याच फेरींत आपल्या डाव्या दारांतून एक पत्र येतें. तें शेजाऱ्याचें आहे. तिसऱ्या फेरींत जें येतें तें तीनांच्या कड्यांत आपलेंच असतें आणि सहांच्या कड्यांत दुसऱ्याचें. पण दोहोंचा मजकूर अक्षरशः एकच. पत्रावर नांव नसल्यामुळें आपलें पत्र आपणांसच ओळखतां येत नाहीं. समोरासमोर लावलेल्या दोन आरशांमध्यें उभ्या राहिलेल्या मनुष्याला आपल्यासारख्या माणसांची न संपणारी रांग दिसते; त्यांत खरा एकच आहे हें त्याला ठाऊक असतें, कारण तो आरसा ओळखतो. आपल्या केंद्राला आरसा ओळखण्याचें साधन नाहीं.

याची सिद्धता सोपी आहे. आरंभीं दोन्ही कड्यांतील सर्व नऊ केंद्रांना एकच गोष्ट ठाऊक आहे: ‘मला दोन दारें आहेत.’ एखाद्या फेरीपूर्वीं सर्वांचें ज्ञान सारखें असेल, तर त्या फेरींत सर्व जण सारखींच पत्रें टाकतील. म्हणून सर्वांना सारखींच पत्रें मिळतील. म्हणून फेरीनंतरही सर्वांचें ज्ञान सारखेंच राहील. अर्थात् हजार फेऱ्यांनंतरही कोणत्याही दोन केंद्रांच्या ज्ञानांत तिळमात्र फरक पडणार नाहीं. जें केंद्र तीनांच्या कड्यांत ‘तीन’ असें उत्तर देईल, तेंच सहांच्या कड्यांतही ‘तीन’ म्हणेल व चुकेल.

यांतच दुसरी एक महत्त्वाची गोष्ट अंतर्भूत आहे. कड्यांतून एका केंद्राला पुढारी निवडावयाचें असेल, तर तेंही या रीतीनें शक्य नाहीं. ज्या क्षणीं एक केंद्र ‘मी पुढारी’ म्हणेल, त्याच क्षणीं सर्वच तसें म्हणतील. अशा जाळ्यांत हें अशक्य आहे, हें डेना अँग्लुइन या विदुषीनें इ. स. १९८० मध्यें दाखवून दिलें. अमुक एक रीत फसते एवढेंच त्यांचें म्हणणें नव्हतें. कोणतीही ठराविक रीत फसणारच, असें त्यांनीं सिद्ध केलें.

४. किती फेऱ्या पुरेत?

फेऱ्या अनंत चालवितां येत नाहींत. मग पत्रव्यवहार केव्हां थांबवावा? समजा, जाळ्यांत एकूण न केंद्रें आहेत. ज्यांचें ज्ञान सारखें आहे अशा केंद्रांना एका गटांत घालूं. प्रत्येक फेरीनंतर कांहीं गट फुटतात. परंतु एकदां वेगळीं झालेलीं केंद्रें पुन्हां एका गटांत येत नाहींत, कारण मिळालेलें ज्ञान नष्ट होत नाहीं. आतां एखाद्या फेरींत एकही गट फुटला नाहीं, तर पुढच्या फेरींतही फुटणार नाहीं. कारण नवी वार्ता म्हणजे ‘माझे शेजारी कोणकोणत्या गटांतील आहेत’ इतकीच, आणि गट तर बदललेच नाहींत. म्हणून एक फेरी फुकट गेली कीं पुढच्या सर्व फुकटच जाणार.

आरंभीं निदान एक गट असतो, आणि फार झालें तर न गट होऊं शकतात. म्हणजे गट फोडणाऱ्या फेऱ्या न वजा एक याहून अधिक असूं शकत नाहींत. पांच केंद्रांना चार फेऱ्या, शंभर केंद्रांना नव्याण्णव. त्यानंतरही ज्या दोघांचें दर्शन सारखें राहिलें, त्यांचें तें कायमचेंच सारखें राहील. यामाशिता व कामेडा यांनीं यासाठीं केंद्रसंख्येच्या वर्गाइतकी मर्यादा घातली होती. न वजा एक इतकी खोली पुरते, हें नॅन्सी नॉरिस यांनीं इ. स. १९९५ मध्यें सिद्ध केलें.

परंतु सावध राहिलें पाहिजे. ‘या फेरींत एकही गट फुटला नाहीं’ हें पाहणारा आपण, नकाशा समोर ठेवून बसलेला वाचक आहे. केंद्राला स्वतःला तें दिसत नाहीं. म्हणून कोठें थांबावें हें समजण्यासाठीं केंद्रांची एकूण संख्या, निदान ती अमुकाहून अधिक नाहीं ही मर्यादा, त्याला आधीं सांगितलेली असली पाहिजे.

५. संख्या ठाऊक असल्यास

एकूण संख्या ठाऊक झाली कीं ज्ञानांत मोठी भर पडते. फुटावयाचे ते गट फुटल्यानंतर सर्व गट समान आकाराचे असतात, असा एक सुंदर नियम आहे. पहिल्या गटांतील एका केंद्राचें पहिलें दार दुसऱ्या गटांतील केंद्राच्या दुसऱ्या दाराशीं जोडलेलें असेल, तर पहिल्या गटांतील प्रत्येकाचें तसेंच असलें पाहिजे. आणि उलट बाजूनें पाहतां दुसऱ्या गटांतील प्रत्येकाच्या दुसऱ्या दारापलीकडे पहिल्या गटांतीलच कोणी तरी असलें पाहिजे. म्हणजे दोन्ही गटांची जोडीला जोडी जुळते; दोहोंची संख्या एकच. जाळें सलग असल्यामुळें हीच गोष्ट एका गटावरून दुसऱ्यावर जात सर्व गटांस लागू पडते.

यावरून पांच केंद्रांच्या ओळीकडे पुन्हां पाहा. पांच ही अविभाज्य संख्या आहे. म्हणून गट एक तरी असेल, नाहीं तर पांच. क आणि ग यांच्या दारांची संख्याच भिन्न असल्यामुळें एक गट शक्य नाहीं. तेव्हां पांचही केंद्रें एकमेकांपासून वेगळीं ओळखूं येतात. क व च हीं दोन टोकें सारखींच दिसतात खरीं. पण मधल्या ग च्या एका दारावर एक व दुसऱ्यावर दोन हा आंकडा आहे, आणि तेवढ्यानें तीं वेगळीं होतात. चार केंद्रांच्या ओळींत मात्र मध्यभागीं केंद्र नसून दुवा आहे. तेथें दारांचे आंकडे दोन्ही बाजूंस सारखे पडले, तर दोन दोन केंद्रांचे दोन गट तसेच राहतात.

तथापि संख्या ठाऊक असूनही सर्व कांहीं कळतेंच असें नाहीं. सहा केंद्रांचीं दोन जाळीं घ्या, प्रत्येक केंद्राला तीन दारें. पहिल्यांत वर एक त्रिकोण व खालीं एक त्रिकोण असून समोरासमोरचे कोपरे जोडलेले आहेत. भूमितींतील त्रिकोणी लोलकाप्रमाणें ही आकृति होते. दुसऱ्यांत तीन घरें व तीन विहिरी असून प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत वाट आहे. दोन्ही जाळ्यांत दारांवर आंकडे अशा रीतीनें घालतां येतात कीं, प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांस एकच आंकडा यावा. मग प्रत्येक केंद्राला सर्वत्र एकच दृश्य दिसतें: पहिल्या दारापलीकडे पहिलें दार, दुसऱ्यापलीकडे दुसरें, तिसऱ्यापलीकडे तिसरें. पहिल्या जाळ्यांत आपले दोन शेजारी परस्परांचेही शेजारी आहेत. दुसऱ्यांत तसें कोठेंही नाहीं. परंतु एवढी जवळची, आपल्या उंबऱ्याशेजारची गोष्टही केंद्राला कधीं कळणार नाहीं. दूरचें कळत नाहीं यांत नवल नाहीं. नांव नसेल तर जवळचेंही कळत नाहीं, हें येथें विशेष आहे.

६. सारखेपणा मोडण्याचे उपाय

उपाय दोन आहेत. पहिला अर्थातच नांव देण्याचा. प्रत्येक केंद्राला वेगळा क्रमांक दिला कीं आपलें पत्र आपणांस ओळखतां येतें, आणि कड्याचा पेंच एका क्षणांत सुटतो.

दुसरा उपाय दैवयोगाचा. नांव नसलें तरी प्रत्येकाच्या हातीं एक नाणें द्यावें. शिकवण सर्वांना एकच. पण कोणाचें नाणें छापा पडेल, कोणाचें कांटा. दोन केंद्रांनीं दहा वेळां नाणें उडविलें, तर दहाही वेळां दोघांचें सारखेंच पडण्याचा संभव १०२४ मध्यें एक इतकाच उरतो. आलोन इताई व मायकेल रोडेह यांनीं इ. स. १९८१ मध्यें असें दाखविलें कीं, कड्यांतील केंद्रांची संख्या ठाऊक असेल, तर या उपायानें निनावी कड्यांतही पुढारी निवडतां येतो. ठराविक रीतीनें जें सर्वथा अशक्य, तें दैवाची किंचित् मदत घेतल्यानें शक्य होतें.

७. एक प्रत्यक्ष उदाहरण

हा सर्व विचार केवळ कागदावरचा नाहीं. इ. स. १९९५ मध्यें ‘आय-ट्रिपल-ई १३९४’ नांवाचा एक प्रमाणनियम प्रसिद्ध झाला. अ‍ॅपल कंपनीनें त्याला ‘फायरवायर’ हें नांव दिलें होतें. चलच्चित्राचे कॅमेरे, संगणक व साठवणीचीं उपकरणें एकमेकांस तारांनीं जोडण्यासाठीं ही योजना होती. एका जाळ्यांत ६३ पर्यंत उपकरणें जोडतां येत. यंत्रें चालू असतांनाच एखादें उपकरण जोडलें किंवा काढलें कीं सर्व उपकरणें मागची रचना विसरत, व नव्यानें आपला शेजार ओळखूं लागत. प्रत्येक उपकरणाच्या पोटांत त्याचा स्वतंत्र क्रमांक नोंदलेला असे. परंतु या पहिल्या पायरीवर त्याचा उपयोग करीत नसत. त्यामुळें तीं सर्व त्या वेळेपुरतीं निनावीच असत.

रीत अशी होती. ज्याला एकच जोडलेलें दार, तें त्या दारांतून शेजाऱ्याला कळवी कीं, ‘तूं माझा वडील.’ ज्याला अनेक दारें, तें वाट पाही. एक सोडून सर्व दारांतून असा निरोप आला कीं उरलेल्या दारांतून तें स्वतः तोच निरोप पाठवी. ज्याला सर्वच दारांतून निरोप येई, तें मूळ ठरे. पांचांच्या ओळींत, सर्व जण सारख्याच वेगानें वागले तर, टोकांकडून निघालेले निरोप ग पाशीं येऊन मिळतात, व ग मूळ ठरतें.

चारांच्या ओळींत काय होतें तें पाहा. मधलीं दोन केंद्रें एकाच वेळीं एकमेकांस म्हणतात, ‘तूं माझा वडील.’ कोणीच मूळ होईना! हाच तो सारखेपणाचा पेंच. येथें नाण्याचा उपाय योजिलेला होता: दोघेही आपला निरोप मागें घेत, आणि प्रत्येक जण दैवयोगानें थोडा किंवा अधिक वेळ थांबून पुन्हां निरोप पाठवी. एक आधीं व दुसरा मागून बोलला कीं तंटा मिटला. पुन्हां दोघेही एकदमच बोलले, तर पुन्हां तसेंच करावयाचें.

मूळ ठरल्यावर तें आपल्या दारांच्या आंकड्यांच्या क्रमानें एकेका फांदीला बोलण्याची पाळी देई. प्रत्येक फांदींत प्रथम धाकटे, मग वडील, या क्रमानें शून्यापासून क्रमांक मिळत, व सर्वांत मोठा क्रमांक मुळाला येई. क्रमांक घेतांना प्रत्येक जण सर्वांना ऐकूं जाईल असें सांगे कीं, माझ्या कोणत्या दारापलीकडे वडील आहे, कोणत्या दारापलीकडे धाकटा आहे, आणि कोणतें दार रिकामें आहे. हें सर्व ऐकून कोणत्याही केंद्राला संपूर्ण जाळ्याचा नकाशा काढतां येई. निनावी बिंदूंनीं आरंभ करून शेवटीं प्रत्येकाच्या हातीं नांव आणि नकाशा दोन्ही आलीं.

मात्र तारा कड्यासारख्या जोडल्या तर? कड्यांतील प्रत्येकाला निदान दोन दारें. प्रत्येक जण दुसऱ्याच्या निरोपाची वाट पाहत बसणार, व आरंभ कोणीच करणार नाहीं. म्हणूनच मूळच्या नियमांत कड्याच्या रचनेस मज्जाव होता. आतां नव्या संगणकांवर ही योजना प्रायः आढळत नाहीं. परंतु तिनें जो धडा घालून दिला तो जुना झालेला नाहीं.

८. उपसंहार

सारांश, निनावी जाळ्यांतील केंद्राला शेजाऱ्याचा शब्द ऐकून ऐकून आपला परिसर जाणतां येतो. तें ज्ञान फेरीगणिक एकेक पाऊल पुढें जातें. आणि ठराविक फेऱ्यांनंतर तें जेथें थांबतें, त्यापलीकडे श्रम वाढवून कांहीं लाभत नाहीं. तेथें नवें कांहीं तरी मिळालें पाहिजे: एकूण संख्या, एखादें नांव, किंवा नाण्याचा एक झोंका. कोणतें ज्ञान अधिक मेहनतीनें मिळतें व कोणतें कितीही मेहनतीनें मिळत नाहीं, हा भेद नेमका दाखवून देणें हें गणिताचें एक मोठें काम आहे. आणि ज्याला तो भेद कळला, त्याचा वेळ अशक्याच्या मागें वायां जात नाहीं.

अभ्यासार्थ प्रश्न

(१) सात केंद्रांच्या ओळींत सर्व केंद्रें एकमेकांपासून वेगळीं ओळखूं येतात, हें गटांच्या नियमावरून सिद्ध करा.

(२) चार केंद्रांच्या ओळींत दारांवर आंकडे असे घाला कीं चारही केंद्रें वेगळीं ओळखूं यावींत.

(३) त्रिकोणी लोलकाच्या आकृतींत व तीन घरें-तीन विहिरींच्या आकृतींत प्रत्येक दुव्याच्या दोन्ही टोकांस एकच आंकडा येईल असे आंकडे घालून दाखवा.

(४) तीनांच्या कड्यांतील एकाच केंद्राला एक जादा दार देऊन त्याला चौथें केंद्र जोडलें, तर कोणाकोणाचें ज्ञान पहिल्या फेरीनंतर बदलेल?